सगळ्यांचे पाय काढणे

बातमी कळली तेव्हा खुर्चीवाला बायकोवर चिडलेला होता.

दुकानाच्या किल्ल्या दोन. एक त्याने स्वतःच हरवली होती. दुसरी बायकोने सकाळी आपल्या पिशवीत टाकली आणि ती विद्यार्थ्यांना घेऊन बस डेपोत निघून गेली, मोडीत निघालेल्या गाड्यांची चित्रं काढायला. हा बंद दारापुढे उभा. ऊन चढलेलं, एक गिऱ्हाईक वाट बघून परत गेलेलं. त्याने फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत काय काय सुनवायचं ते त्याने मनात ओळीने लावून ठेवलं होतं. नवव्यांदा फोन उचलला गेला आणि त्याने तोंड सोडलं, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तास झाला मी इथे रस्त्यावर..."

"काका," पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. आम्हाला वाटलं, बघतायत..."

ती तशीच बसायची. एखाद्या वस्तूकडे बघायला लागली की अर्धा अर्धा तास तिची पापणी हलत नसे, आणि तेवढ्या वेळात तिच्याशी बोलायचं नाही असा तिचा नियम होता. मुलांनी नियम पाळला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तरी काही करता आलं नसतं.

नंतर भेटायला आलेले लोक म्हणायचे, "शेवटचं बोलणं राहूनच गेलं ना!" तो म्हणायचा, "राहिलं कुठे? भांडण चालूच होतं." लोकांना वाटे, दुःखाने असं बोलतोय. पण ते खरंच तसं होतं. त्यांची ओळखही आरडाओरडा करूनच झाली होती, सत्तावीस वर्षांपूर्वी, एका ट्रकमुळे.

तेव्हा तो तिशीचा होता. मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. खुर्च्या म्हणजे फक्त खुर्च्या. कुणी टेबल आणलं तर तो हात लावत नसे. त्याची आत्या त्याच्याकडेच राहायची आणि दुकानात मागच्या बाजूला बसून खुर्च्यांचा वेत विणायची. बोटं चालत तशीच तिची जीभ चालायची.

त्या मंगळवारी तो एका खुर्चीचा पाय ठोकून बसवत होता. लाकडी हातोडा त्याने वर उचलला, आणि रस्त्यापलीकडून एक बाई जिवाच्या आकांताने ओरडली, "हलू नका!"

तो जागच्या जागी थिजला. हातोडा डोक्यावर. त्याला वाटलं, खांद्यावर विंचू असणार.

"आत्या," तो ओठ न हलवता म्हणाला, "माझ्या अंगावर काय आहे गं?"

आत्याने मान वर केली. "सदरा आहे. मळका."

बाई रस्ता ओलांडून आली. केसात पेन्सिल खोचलेली, हाताला कोळशाचा काळा रंग. "दोनच मिनिटं. हात तसाच ठेवा."

"पण आहे काय?"

"काय म्हणजे? हात आहे. छान आहे."

त्याने नजर तेवढी फिरवली. समोरच्या फुटपाथवर चौदा स्टुलं होती, चौदा पोरंपोरी होत्या, आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे.

"ही कलेची मुलं आहेत, मी त्यांना शिकवते," ती म्हणाली. "आम्ही तुमच्या समोरची ती पाण्याची टाकी काढत होतो."

"टाकी काढताय? मग आम्हाला पाणी कुठून येणार?"

"चित्र काढत होतो हो! तेवढ्यात हा ट्रक टाकीपुढे उभा राहिला आणि ड्रायव्हर गेला जेवायला. मग मी म्हटलं, स्टुलं फिरवा. फिरवली तर तुम्ही दिसलात."

"म्हणजे टाकी दिसत नाही म्हणून मी."

"हो." तिने जरा मान कलती केली. "राग आला?"

"हात दुखतोय."

ती हसली... आणि म्हणाली, "अजून एक मिनिट."

पुढच्या मंगळवारी ट्रक नव्हता. स्टुलं मात्र त्याच्याच दुकानाकडे तोंड करून. तो तणतणत रस्ता ओलांडून गेला.

"आज ट्रक नाहीये."

"नाहीये."

"मग टाकी काढा की!"

"टाकी कुठे पळून जात नाही. तिच्याकडे मुलं एकदा बघतात आणि मग बघायचं सोडून देतात." तिने त्याला बाजूला घेतलं. "आमच्या वर्गात टेबलावर एक मडकं आहे. बारा वर्षं तेच मडकं. मुलं ते डोळे मिटून काढतात, आणि खरंच मिटून काढतात. ते मडकं कुणाचंच नाहीये हो. तुमच्या इथली प्रत्येक खुर्ची कुणाची तरी आहे. आज आहे, उद्या घरी जाणार. जाणाऱ्या वस्तूकडे माणूस नीट बघतो."

"आणि मी काय करायचं?"

"काम करायचं. फक्त मी सांगेन तेव्हा..."

"हलू नका."

"शिकलात की!"

तिने पुढचंही सांगून टाकलं. तिच्या विभागप्रमुखांना ही भटकंती पसंत नव्हती. त्यांनी तिला तीन महिने दिले होते. शेवटी ते स्वतः येऊन, चित्रं हातात घेऊन, समोरच्या जागेशी ताडून बघणार होते. पटलं तर वर्गाबाहेरचा मंगळवार चालू राहील. नाही पटलं तर परत मडकं.

"तीन महिने?" खुर्चीवाला म्हणाला. "तीन महिने तुम्ही माझ्याकडे बघत बसणार?"

"खुर्च्यांकडे," ती म्हणाली, आणि पेन्सिलीचं टोक बघायला लागली.

आत्याने तिचं नाव 'हलूनका' ठेवलं. "तुझी हलूनका आली बघ," असं ती दर मंगळवारी जाहीर करायची. "माझी कुठून?" म्हणून तो चिडायचा, आणि आत्याला तेवढंच पुरायचं. पण सोमवारी संध्याकाळी सदरा धुवायला टाकायला तो लागला होता, हे आत्याला दिसत होतं. तिने साबण तेवढा पुढे सरकवला.

एका मंगळवारी पाऊस आला आणि चौदाच्या चौदा ओली पोरं कागद पोटाशी धरून दुकानात घुसली. ती आली ती परत फुटपाथवर गेलीच नाहीत. जिथे दोन माणसं वळू शकत नव्हती तिथे सतरा झाली. ओल्या कपड्यांचा आणि उकळत्या सरसाचा वास एकत्र झाला. ती रंध्याच्या टेबलाला टेकून उभी होती, आणि तो लाकूड तासत होता म्हणून एक पातळ ढलपी उडून तिच्या केसात अडकली. त्याने हात पुढे केला... आणि तसाच मागे घेतला.

"केसात तुमच्या... ढलपी आहे."

"राहू द्या," ती म्हणाली. "पेन्सिलीला सोबत."

त्या दिवशी त्याने ती फळी गरजेपेक्षा दोन सूत जास्त तासली आणि नंतर ती टाकून द्यावी लागली.

वैताग मात्र रोजचाच होता. एकदा वकीलसाहेब आपली खुर्ची न्यायला आले. ती मध्ये पडली, "अहो, नाही झाली अजून. पाठ झालीये, दोन्ही हात झालेत. पाय बाकी आहेत."

"छान, छान, म्हणजे काम चालू आहे," म्हणत वकील समाधानाने निघून गेले.

खुर्चीवाल्याने कपाळावर हात मारला. "त्यांची खुर्ची नुसती घट्ट करायची होती, ती परवाच झाली होती!"

"माझ्या मुलांची नव्हती झाली."

दुसऱ्या वेळी तिने पोरांना सांगितलं, "आज खुर्ची काढायची नाही. खुर्चीच्या पायांमधली रिकामी जागा काढायची."

तो रंधा टाकून वळला. "रिकामी जागा काढायला माझं दुकान कशाला पाहिजे? मैदानात जा! तिथे पाहिजे तेवढी आहे."

"मैदानातल्या रिकाम्या जागेला आकार नसतो."

"अहो, पण माझ्या दुकानात आता रिकामी जागा उरलीच नाहीये!"

पोरं हसली. तीही हसली. आणि नंतर तो वाकून बघायला लागला, खरंच, दोन पायांमध्ये असते ती जागा कशी दिसते. आयुष्यभर तो पायच बघत आला होता.

पोरांमध्ये एक मुलगी होती, तिला सगळे 'खोडरबर' म्हणत. काढायची त्याच्या दुप्पट पुसायची. हलूनका तिच्याजवळ सगळ्यात जास्त वेळ बसायची. "चुकलेली रेघ पुसू नकोस," ती सांगायची. "शेजारी बरोबर काढ. चूक दिसू दे." खोडरबर मान हलवायची आणि पुसायची. हलूनका तिच्यावर वैतागायची, खुर्चीवाला हलूनकावर वैतागायचा, आणि आत्या या दोघांकडे बघून वैतागायची, कारण दोन महिने होऊनही कुणी काही बोलायला तयार नव्हतं.

आता काळ्या फळीची गोष्ट.

वर्गाबाहेर शिकवायचं म्हणजे फळा नाही. तिने त्याची फळी बळकावली. दाराशी एक काळी फळी टांगलेली असायची. तिच्यावर तो खडूने कामं लिहून ठेवी : 'वकील : मागचा डावा पाय, पाचर.' 'शाळा : दोन पाठी.' त्याखाली उरलेल्या जागेत ती मुलांसाठी पुढच्या आठवड्याचं लिहायला लागली. विभागप्रमुख यायचे होते त्याच्या आदल्या आठवड्यात जाता जाता तिने लिहिलं :

'मंगळवार : अकरा खुर्च्या. सगळ्यांचे पाय काढणे. घाई नको, एकेक नीट.'

बुधवारी सकाळी त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"आत्या, हे काय लिहून गेली?"

आत्याने डोळे बारीक केले. "सगळ्यांचे पाय काढणे."

"सगळ्यांचे?"

"रिकामी जागा मागून झाली, आता सुटे पाय मागतेय. तिच्यापुढे शहाण्याने डोकं लावू नये."

"चित्र काढायचं म्हणत असेल का?"

"मग तसं लिहिलं नसतं? शिकलेली बाई आहे. आणि तुझ्या फळीवर लिहिलंय, म्हणजे तुझं काम."

ते त्याला पटलं. खरं म्हणजे, तिने त्याला काम सांगितलं हेच त्याला इतकं बरं वाटलं होतं की त्याला काहीही पटलं असतं. शनिवारपर्यंत त्याने अकराही खुर्च्यांचे पाय खाचांमधून उचकटून काढले. घाई केली नाही. एकेक नीट. आणि हातात आलेच आहेत तर म्हणून वाकडे होते ते तासून सरळ केले, सैल होते त्यांना नवी टोकं दिली, आणि सगळे नंबर घालून भिंतीशी ओळीने उभे केले. त्रेचाळीस. एका खुर्चीला मुळातच तीन होते.

मंगळवारी तो धुतलेल्या सदऱ्यात दाराशी उभा होता.

मुलं आत आली आणि थांबली. अकरा खुर्च्या मांडी घालून बसल्यासारख्या जमिनीवर. ती मागून आली.

"हे काय?"

"काढले."

"काय काढले?"

"पाय. सगळ्यांचे." तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज जरा खाली आला. "घाई... नाही केली."

खोडरबरला हसू फुटलं, आणि दुसरं कुणीच हसत नाही म्हटल्यावर तिने ते तोंडातच दाबलं. हलूनका जवळच्या खुर्चीवर बसायला गेली. खुर्ची तिच्या अंदाजापेक्षा हातभर खाली होती, त्यामुळे ती धपकन आदळली.

"चित्र काढायचं होतं हो!" ती तिथूनच ओरडली. "चित्र!"

"मग तसं लिहायचं!"

"मुलांसाठी लिहिलं होतं!"

"फळी माझी आहे!"

"पहिल्याच दिवशी तुम्ही पाणी कुठून येणार म्हणून विचारलंत, तेव्हाच मला कळायला हवं होतं!"

"मला विंचू आहे असं वाटलं तेव्हा मला कळायला हवं होतं!"

आत्या मागून म्हणाली, "विंचूच होता, बाळा."

हलूनका उठली. तिने चौदा कागद काढून पुढे ठेवले. सगळ्यांवर पाठी झालेल्या, आसनं झालेली, खुर्च्यांमध्ये काम करणारा तो झालेला. पाय तेवढे नव्हते. ते तिनेच शेवटी ठेवले होते, कारण वरचं ओझं कळल्याशिवाय पाय कळत नाहीत असं ती शिकवायची. कागदावरची प्रत्येक खुर्ची आपापल्या परीने कललेली होती. आता पाय सरळ झाले होते. सरळ पायांवर ती आसनं कधीच बसणार नव्हती.

"गुरुवारी अकरा वाजता येणार आहेत," ती म्हणाली. "कागद हातात धरतात, एक डोळा मिटतात आणि बघतात. बोटभर फरक सोडत नाहीत. म्हणणार, बाहेर नेऊन मुलं काय शिकली? खोटं काढायला." तिने हात झटकले. "चला. परत मडकं."

मडकं म्हणजे काय ते त्याला तिथल्या तिथे कळलं. मंगळवार गेला की ती गेली. तिला परत या म्हणायला त्याच्याकडे दुसरं काही कारण नव्हतं. ओढूनताणून शोधलेलंही नव्हतं.

"बसवतो," तो म्हणाला. "होते तसे."

"तुम्ही ते सरळ केलेत!"

"परत वाकडे करतो."

"जमेल?"

"आयुष्यभर वाकडं सरळ केलं. उलटं करायला काय लागतं?" तो म्हणाला, पण त्यालाही ते माहीत नव्हतं.

त्याने चौदाही जणांना आपापल्या जागी बसवलं, कागद हातात देऊन. मग एकेक खुर्ची घ्यायची, पाय खाचेत बसवायचे, एका बाजूला पाचर ठोकायची, आणि ज्याच्या कागदावर ती खुर्ची सगळ्यात नीट आली होती त्याने बसल्या जागेवरून सांगायचं.

"दादा, अजून डावीकडे. थोडी. थोडी... पुढे गेली!"

"तूच हललास!"

"नाही हललो!"

"हलू नका रे कुणी!" तो ओरडला. आणि आपण काय ओरडलो ते कळून तिच्याकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हसत होते.

भांडणं झालीच. एकाच्या कागदात वकिलांची खुर्ची भिंतीला टेकलेली, दुसऱ्याच्या कागदात वीतभर दूर. तिसऱ्याने बारा खुर्च्या काढल्या होत्या.

"ही बारावी कुणाची?"

"कुणाची नाही, दादा. तिथे मोकळं मोकळं वाटत होतं."

"हे तुझं दुकान आहे का?"

खोडरबरच्या कागदाला तर पुसून पुसून भोकच पडलं होतं. "इथे काय होतं गं?" त्याने विचारलं.

"आठवत नाही. पण जे होतं ते बरोबर नव्हतं."

मंगळवार गेला, बुधवारची सकाळ गेली. दुपारपर्यंत दहा खुर्च्या उभ्या, म्हणजे हव्या तशा वाकड्या झाल्या. मुलं जेवायला गेली. आत्याही "मला कंटाळा आला तुमच्या पायांचा" म्हणत उठून गेली. अकराव्या खुर्चीसाठी त्याने चौदाही कागद जमिनीवर शेजारी शेजारी पसरले आणि गुडघ्यांवर बसून बघायला लागला. ती खिडकीशी पेन्सिलींना टोक करत होती.

एका कागदावरून दुसऱ्यावर तो बोट फिरवत गेला. मग म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा."

"ह्या पोरानं मला जाडा काढलाय."

"त्याला सगळेच जाडे दिसतात."

"हिने बुटका काढलाय. ह्याला माझं नाक जमलेलं नाही. खोडरबरनं तर मला पुसूनच टाकलंय, नुसता धूर दिसतोय."

"मग?"

"मग... डावा खांदा सगळ्यांचा बरोबर कसा?"

पेन्सिलीवरचं पातं थांबलं.

"माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे," तो म्हणाला. "रंध्याने झालाय. कुणाच्या लक्षात येत नाही, शिंप्याच्याही नाही. इथे चौदा कागदांवर चौदा वेगळी माणसं आहेत, आणि खांदा एकच. रेघही एकाच हातची आहे. धुरातसुद्धा."

"मुलं चुकत होती," ती म्हणाली. "मी सुधारून दिला."

"नाक नाही सुधारलंत."

"नाक... चालण्यासारखं होतं."

"हे नाक चालण्यासारखं आहे?"

ती हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. "तुम्ही रंधा मारायला वळलात की तो खांदा आधी जातो," ती हळू म्हणाली. "बाकीचे तुम्ही मागून जाता. मुलांना दिसत नव्हतं ते. मी किती वेळा सांगितलं, बघा, बघा म्हणून. शेवटी वैतागून मीच..."

"चौदा वेळा वैतागलात."

"सतरा. तिघांनी कागद बदलले."

तो उठला. तिच्या दिशेने दोन पावलं आला. सांगायचं ते ओठांवर होतं. तेवढ्यात मुलं परत आली आणि सगळीच्या सगळी एकदम ओरडली, "दादा, हलू नका!" कारण अकरावी खुर्ची त्याच्या पायात होती.

त्या दुपारभर मुलांनी पाय काढले. कागदावर.

गुरुवारी अकराला विभागप्रमुख आले. बारीक, चष्मेवाले, चेहऱ्यावरची माशीही न हलणारे. एकेक कागद घेतला, एक डोळा मिटला, बघितलं. पाऊण तास दुकानात कुणी खोकलंसुद्धा नाही. वकिलांच्या खुर्चीपाशी ते थांबले.

"ही खरंच इतकी वाकडी आहे? का मुलांची नजर वाकडी?"

"बसून बघा," खुर्चीवाला म्हणाला.

"पडली तर?"

"वाकडी आहे. मोडकी नाही."

ते बसले. खुर्ची डावीकडे झुकली आणि तिथे घट्ट थांबली. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला, मान खुर्चीबरोबर कलती केली, आणि पहिल्यांदाच दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं. मग बराच वेळ ते त्या खुर्चीतून उठले नाहीत.

"एक वर्ष," शेवटी ते म्हणाले. "फक्त एक. पुढच्या वर्षी न्यायचं असेल तर सत्र सुरू होण्याआधी लेखी अर्ज पाहिजे. दर वर्षी नवा. आणि ही बारावी खुर्ची कुठे आहे?"

"दुरुस्तीला गेलीये," आत्या म्हणाली.

ते गेल्यावर मुलांनी दुकान डोक्यावर घेतलं. खुर्चीवाला तिच्यासमोर उभा राहिला. "मी काय म्हणत होतो..." तो म्हणाला. "म्हणजे काल म्हणणार होतो. खांद्याचं झालं, पण पुढचं... आता मंगळवार तर आहेच, पण बाकीचे वार..."

ती वाट बघत होती. तो सदऱ्याचं बटण फिरवत होता.

आत्याने हातातला वेत खाली टाकला. "अगं बाई, त्याला विषय काढता येत नाही गं! पाय तेवढे काढता येतात. तुला करून घ्यायचंय त्याला. काय ते एकदाचं सांगून टाक, माझे वेत वाळले तुमच्या पायी!"

चौदा जणांनी श्वास धरला.

"हो," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, "पण फळी अर्धी माझी."

"खालची अर्धी," तो म्हणाला.

"वरची."

ते भांडण सव्वीस वर्षं मिटलं नाही. इतरही नाही मिटली. ती त्याच्या मोजपट्ट्या न विचारता न्यायची आणि डेपोत, बाजारात, दवाखान्याच्या पायऱ्यांवर विसरून यायची. जेवताना हात तोंडाशी नेला की म्हणायची, हलू नका. तो भात गार होईपर्यंत थांबायचा आणि मग तिच्यावर ओरडायचा. मूल झालं नाही. दर वर्षी चौदा-पंधरा जण यायचे, घरातलं सगळं खाऊन संपवायचे, आणि त्यांची नावं पाठ होईपर्यंत निघून जायचे. आत्या गेली तेव्हा त्यातले कितीतरी आले होते. खोडरबर आली होती, तिने त्या दिवशी काहीच पुसलं नाही.

अर्ज मात्र दर वर्षी करावा लागला. ते विभागप्रमुख निवृत्त झाले, त्यांच्यानंतर तिघे आले नि गेले, पण अर्जाची अट कुणी काढली नाही. तिचं अक्षर ऑफिसात कुणाला लागत नसे, म्हणून अर्ज तो लिहायचा. ती खोलीत फेऱ्या मारत सांगायची. 'विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेण्याची परवानगी मिळावी' इथपर्यंत दर वर्षी सारखंच. त्यापुढे, का न्यायचं, ते दर वर्षी वेगळं. तिला सांगता यायचं नाही, ती अर्ध्यात वाक्य बदलायची, तो कागद फाडायचा, नवा घ्यायचा, "एकदा ठरव आणि मग बोल!" म्हणायचा. असे सव्वीस अर्ज झाले. एकही नामंजूर झाला नाही.

ती गेल्यापासून मुलं मंगळवारीही वर्गातच बसतात. तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजातली एक नवीन शिक्षिका दुकानात आली होती. लाजत म्हणाली, "काका, मी नेईन मुलांना. अर्जात काय लिहायचं असतं, तेवढं सांगाल?"

तो म्हणाला, "मीच लिहून देतो."

पहिली ओळ त्याने त्याच दिवशी लिहिली. का न्यायचं, ती ओळ त्याला माहीत आहे. निदान सव्वीस तऱ्हांनी माहीत आहे. पण त्यातली कुठली घ्यायची ते ठरत नाही, आणि ठरव म्हणून ओरडायला समोर कुणी नाही. मुदत या महिन्याअखेरपर्यंत आहे. अर्ज लिहायचा राहिला आहे.